ईस्टर, गावातला : वेळ, माप, क्रम आणि कुठे बिघडतं (अनुभव धागा)

वर्धाकाठ (धागाकर्ता)

सलाम मंडळी. ईस्टरवर, येशूच्या पुनरुत्थानाच्या सणावर, वाचायला मिळतं ते बहुतेक मोठ्या शहरातल्या मोठ्या चर्चचं असतं. आपल्याकडे विदर्भात पंचवीस-तीस घरांची मंडळी (एका चर्चची माणसं), चार गावांना मिळून एक पाळक, डोक्यावर पत्रे, दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस अंश, आणि पूर्वेकडच्या जिल्ह्यांत त्याच पहाटे निम्मं गाव मोहफुलं वेचायला रानात. तरी सण होतो, आणि माणसं वर्षभराची उमेद त्यातून घेऊन जातात. तो नीट कसा पार पडतो, हे जाणत्यांनी इथे लिहावं. ‘आमच्या लहानपणी’ सध्या बाजूला राहू द्या. किती वाजता, किती किलो, आधी काय नि मग काय, तेवढं लिहा. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, जिची स्थापना नागपुरातच २९ नोव्हेंबर १९७० ला झाली), कॅथलिक, अलायन्स, फ्री मेथडिस्ट, सगळ्याच पंथांचे या.

दरवर्षीचा प्रश्न आधीच संपवतो, तारखेचा. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्येच पडतो. गावात लक्षात ठेवायची, बहुतेक वर्षी चालणारी खूण सोपी आहे : होळीची पौर्णिमा २१ मार्चच्या पुढे गेली तर तिच्यानंतरचा रविवार, नाहीतर हनुमान जयंतीनंतरचा. २०२६ मध्ये हनुमान जयंती गुरुवारी २ एप्रिलला, ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ मध्ये होळीचीच पौर्णिमा धरायची, म्हणून २८ मार्च. २०२८ मध्ये १६ एप्रिल. चर्चची पौर्णिमा कोष्टकावरून काढतात, पंचांगाशी कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो. २०२५ मध्ये हनुमान जयंती शनिवारी १२ एप्रिलला होती, पण कोष्टकातली पौर्णिमा रविवारी १३ ला पडली आणि पौर्णिमा रविवारी आली की ईस्टर पुढच्या रविवारी ढकलतात, म्हणून २० एप्रिल. मंडप, भांडी, बकरा सांगायच्या आधी तारीख छापील कॅलेंडरवर ताडून बघा.

पूर्णाकाठ

पहाटेच्या उपासनेचं लिहितो. एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते : ईस्टर पौर्णिमेनंतर सात दिवसांच्या आत असतो, म्हणून त्या पहाटे चार वाजता चंद्र आभाळात असतोच. पौर्णिमा नुकतीच झाली असेल तर पश्चिमेला पूर्ण, आठवडा झाला असेल तर अर्धा नि डोक्याकडे चढलेला. ढग नसतील तर प्रभातफेरीला गल्लीतले दिवे नसले तरी चालतं. टॉर्च दोनच ठेवाव्यात, सगळ्यात पुढे एक आणि मागे एक. जो तो आपली टॉर्च पेटवत चालला तर डोळे दिपतात, दगडाला ठेच लागते आणि गाणंही फुटतं.

वेळ ठरवताना नागपूरचा सूर्योदय अख्ख्या विदर्भाला लावू नका. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नागपूरकडे सूर्य सहाच्या जरा पुढे उगवतो, बुलढाण्याकडे त्याहून दहा-बारा मिनिटं उशिरा. वीस एप्रिलच्या आसपास दोन्हीकडे तो आणखी दहा-बारा मिनिटं लवकर येतो. फेरी साडेचारला निघावी, सूर्योदयाची उपासना जिथे होते त्या कब्रस्तानात सव्वापाचपर्यंत पोचावी. वाचन अंधारात सुरू करायचं आणि पुनरुत्थानाचं गीत सूर्य वर येताना म्हणायचं, एवढं जुळलं की बाकी सगळं आपोआप बसतं. जुळत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा लांबलेला संदेश असतो. बारा मिनिटं पुरेत. सूर्य कोणासाठी थांबत नाही आणि पावणेसातला ऊन पाठीवर चटका द्यायला लागतं.

माइकचं : रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार. म्हणून फेरी आणि कब्रस्तानातला पहिला भाग विनामाइक. शंभर माणसांपर्यंत गरजही पडत नाही. वाचणाऱ्याने वाऱ्याकडे पाठ करून उभं राहावं, आवाज लोकांकडे जातो. फेरीसाठी पोलीस ठाण्यात आठवडाभर आधी साधा अर्ज द्यावा : मार्ग, वेळ, अंदाजे संख्या, जबाबदार दोघांचे फोन. त्याच आठवड्यात हनुमान जयंती असली तर ठाण्यातली माणसं आधीच गुंतलेली असतात, तेव्हा अर्ज आणखी आधी.

आणि पाळक एकाच वेळी चार गावांत असू शकत नाही. चार ठिकाणचा सूर्योदय मंडळीच्या वडिलांनी (जाणत्या पुढाऱ्यांनी) किंवा महिला संघाने चालवावा. पाळकाने प्रभुभोजन घेऊन आठ, साडेनऊ, अकरा असं फिरावं. ‘साहेब आल्यावर सुरू करू’ म्हटलं की चारपैकी तीन गावांत पहाट हुकते.

चुनखडी

कब्रस्तानाची तयारी गुड फ्रायडेच्या आधीच्या सोमवारपासून. शनिवारवर टाकलं की चुना ओला राहतो आणि पहाटे पांढरे कपडे खराब होतात.

गवत कापा, जाळू नका. एप्रिलमधलं गवत आणि सुटलेला वारा, शेजारच्या शेतात कुटाराचा ढीग, एक ठिणगी पुरते. दगड हातांनी उचलायचा नाही, आधी पहारीने आपल्या उलट बाजूला कलवायचा, खाली विंचू असतात. झाडांवर वर बघून घ्या. आग्या मोहोळ असेल तर त्या झाडाखाली धूप, मशाल, फटाका काहीही नको, उपासनेची जागा दुसऱ्या टोकाला घ्या. मोहोळ आदल्या दिवशी हुसकावणं तर सगळ्यात धोक्याचं. माश्या दोन-दोन दिवस चिडलेल्या राहतात.

चुना : कळीचा चुना पाच किलो, पाणी पंधरा-वीस लिटर, पत्र्याच्या डब्यात. चुना पाण्यात हळूहळू घालायचा, कारण तो उकळतो आणि उडतो. प्लास्टिकची बादली वितळू शकते. डोळ्यांना चष्मा, पोरांना लांब. रात्रभर मुरू द्या, सकाळी जुन्या लुगड्यातून गाळा, मूठभर मीठ आणि शिजवलेली पातळ खळ किंवा डिंकाचं पाणी घाला म्हणजे हाताला लागत नाही. चिमूटभर नीळ. पहिला हात पातळ, तो वाळल्यावर दुसरा. जाड एकच हात दिला की उन्हात पापुद्रे सुटतात. कबर आधी पाण्याने भिजवून घ्यायची, कोरड्या तापलेल्या विटेवर चुना धरत नाही.

जुन्या मिशन कब्रस्तानांत कोरीव अक्षरांचे दगड आहेत, त्यांना चुना फासू नका, अक्षरं बुजतात. संगमरवराला ॲसिड तर अजिबातच नको, पृष्ठभाग खाल्ला जातो. साधं पाणी, मऊ ब्रश, बस.

बेवारस कबरी आधी करायच्या. ज्यांचं गावात कोणी उरलं नाही त्यांच्या. आपापल्या माणसांच्या कबरी घरचे करतातच.

झाडीपट्टीकर

गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाकडे पूर्णाकाठ भाऊंचं वेळापत्रक चालणार नाही, कारण मोह. मार्चच्या मध्यापासून एप्रिलभर फुलं पहाटे गळतात. माणसं चारला निघतात, आठ-नऊपर्यंत वेचतात. मागे राहिलेली फुलं गुरं आणि रानडुकरं खातात. वर्षाच्या रोख पैशातला मोठा वाटा या तीन-चार आठवड्यांत येतो. अशा माणसाला ‘सणाच्या दिवशी तरी’ म्हणून सूर्योदयाला बोलावणं बरोबर नाही. तो येईलही, पण मन झाडाखाली राहील. शुभवर्तमानातल्या बायासुद्धा त्या पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन कामालाच निघाल्या होत्या.

दोन पद्धती चालतात. पहिली, शनिवारी संध्याकाळी सातला उपासना आणि रविवारी सकाळी साडेनऊला एकत्र न्याहारी. दुसरी, ज्या चार-पाच कुटुंबांची झाडं जवळजवळ आहेत त्यांनी तिथेच सहाच्या सुमारास टोपल्या खाली ठेवायच्या : एक गीत, मार्काच्या सोळाव्या अध्यायाच्या पहिल्या आठ ओळी, प्रभूची प्रार्थना. पंधरा मिनिटं. मेणबत्ती नाही, धूप नाही. फेब्रुवारी ते जून वणव्याचा हंगाम, आणि खाली पालापाचोळा कोरडाठाक. एकट्याने अंधारात जाऊ नका, मोहाला अस्वलंही येतात. गाणं म्हणत गेलात तर तेवढीच वर्दी.

म्हातारी माणसं घरी असतात, त्यांच्याकडे लहान मुलांना पाठवा, ‘प्रभू उठला आहे’ सांगायला. उत्तर ‘खरोखर उठला आहे’ हे मुलांना आधी शिकवून ठेवा.

घंटा

कॅथलिक बाजूने. आमच्याकडे शनिवारची रात्र मुख्य. पवित्र गुरुवारच्या (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीच्या) ‘ग्लोरिया’ या स्तुतिगीतापासून घंटा मुक्या, मधल्या वेळात लाकडी खटखट. शनिवारच्या जागरणाच्या मिस्सेत (उपासनेत) पुन्हा ‘ग्लोरिया’ येतो तेव्हा घंटा वाजतात. म्हणून शनिवारी दुपारीच घंटेचा दोर तपासा. दोन दिवस कोणी हात लावलेला नसतो, उन्हाने सुतळी कुजकी झालेली असते आणि नेमकी त्या क्षणी हातात येते.

विधी अंधार पडल्यावरच सुरू व्हायला हवा. एप्रिलच्या सुरुवातीला सव्वासात-साडेसातला पुरता अंधार असतो. साडेसातला नवा अग्नी केला तर माइक बंद करायच्या दहाच्या वेळेआधी आटोपतं. वाचनं एकूण नऊ, जुन्या करारातली सात, एक पत्र, एक शुभवर्तमान. गरजेप्रमाणे जुन्या करारातली कमी करता येतात, पण निर्गम चौदावा, समुद्र दुभंगला तो, सोडायचा नाही.

अग्नीसाठी खड्डा दोन फूट रुंद, वीतभर खोल, भोवती दहा फूट जमीन झाडून ओली केलेली, बाजूला दोनशे लिटरचा ड्रम आणि दोन बादल्या. तुराट्या-पऱ्हाट्या पेट घ्यायला छान, पण भसकन जळून जातात आणि धुपासाठी निखारा उरत नाही. खाली बाभळीचे चार ओंडके हवेत. ते सहाला पेटवून वेगळ्या जागी निखारा करून ठेवणारेही आहेत, पण मग ‘नवा अग्नी’ कसला? रॉकेल, पेट्रोल नको. दोन गोवऱ्या आणि खोबरेल तेलात भिजवलेली कापसाची वात पुरते.

पास्काची (ईस्टरची) मेणबत्ती दरवर्षी नवी. तिच्यावर क्रूस, आल्फा, ओमेगा (ग्रीक लिपीतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर), सालाचे चार अंक आणि पाच धुपाचे खिळे. तापलेल्या पत्र्याच्या खोलीत उभी ठेवली तर दोन दिवसांत वाकते. चांगलं मधमाश्यांचं मेण बासष्ट-चौसष्ट अंशांना वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. कागदात गुंडाळून, आडवी, सपाट फळीवर, पाण्याच्या माठाशेजारी जमिनीलगत ठेवायची. खिळे टोचताना मेण कोरडं असेल तर तडकतं. आधी गरम सुईने भोकं पाडून घ्या. लोकांच्या हातातल्या लहान मेणबत्त्या तर पिशवीतच एकमेकींना चिकटतात, दहा-दहाच्या पुड्या करून मध्ये वर्तमानपत्र. वाऱ्यासाठी कागदी पेल्याच्या बुडाला भोक पाडून त्यात खोचा. कबरींवर मात्र मेणबत्तीपेक्षा जवसाच्या तेलाची पणती चांगली, वाकत नाही.

फांद्यांचंही सांगून टाकतो. नारळाची झावळी इकडे मिळत नाही, झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, शिंदीची पानं घेतो. देठाकडचे काटे विळ्याने काढल्याशिवाय मुलांच्या हाती देऊ नका. ती वाळवून पुढल्या वर्षीच्या राखेच्या बुधवारसाठी (त्या दिवशी कपाळाला राख लावतात) ठेवायची. जाळून, चाळून, राख कोरडीच वापरायची किंवा तेलाचा एक थेंब घालायचा. पाणी घातलं की क्षार सुटतो आणि कपाळाची आग होते.

खंजिरी

गाण्याचं. पहाटे गळा उघडलेला नसतो. दिवसा ज्या पट्टीत म्हणता त्याच्या एक-दीड सूर खाली धरा, सूर्योदयानंतर वाटलं तर चढवा. पहिल्या गीतात वरचा षड्ज लागत असेल तर ते गीत शेवटी न्या.

पाश्चात्त्य चालींची भाषांतरित गीतं पेटीशिवाय चालताना विखुरतात. पुढच्यांची ओळ संपते तेव्हा मागचे अर्ध्यात असतात. चालताना भजन. ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ओवी-अभंगांच्या वळणाची जी भजनं लिहून ठेवली ती टाळ-खंजिरीवर तंतोतंत बसतात, एक सांगतो, बाकीचे ध्रुवपद घेतात, पुस्तक लागत नाही. अंधारात पुस्तक वाचता येत नाही, ही साधी गोष्ट कार्यक्रमपत्रिका छापणाऱ्याला सुचत नाही. कब्रस्तानात उभं राहिल्यावर मग जुनी गीतं खुशाल घ्या.

फेरीत तीन टाळ, एक खंजिरी, एक ढोलकी. जास्त वाद्यं म्हणजे शब्द बुडाले. कोरड्या हवेत चामडं ताणून सूर चढतो. निघण्याआधी ओल्या बोटांनी आतून हलकं पुसा, पाणी ओतू नका. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, चाळीस दिवसांत ‘हालेलुया’ काही मंडळ्या म्हणत नाहीत. तसं असेल तर तो शब्द पहाटेसाठी खरोखर राखून ठेवा, शनिवारच्या तालमीतही ‘ला ला’ वर चालवा. चाळीस दिवस न म्हटलेला शब्द शंभर गळ्यांतून एकदम निघतो तेव्हा त्याचं वजन कळतं.

पळसफूल

अंड्याईचं मी सांगते जी. चॉकलेटचे अंडे आनू नका, बाप्पा. इकडच्या उन्हात सकाळी नवालेच त्याचा चिखल होते. खरे अंडे रंगवा.

अंडे पांढरे घ्या, गावरान अंड्याचा रंग आधीच मातकट, त्याच्यावर हळद दिसत नाही. पाच-सात दिवसाचे अंडे असले त सोलाले बरे पडते, एकदम ताज्याचं टरफल चिकटून राह्यते. पाण्यात टाकून पाहा, वरते तरंगलं त फेकून द्या. थंड्या पान्यात ठेवून मंग आच द्या, मूठभर मीठ टाका. उकळी आली की दहा मिनिटं. उकळत्या पान्यात एकदम सोडले त तडकतात.

रंग : पळसाचे वाळले फुलं शंभर ग्राम, एक लिटर पानी, रातभर भिजवा, सकाळी वीस मिनिटं उकळा, गाळा, अर्धा चमचा तुरटी. सुंदर पिवळा-केशरी येते. पळस मार्चच्या शेवटाले सरते, म्हनून होळीच्या वक्तीच फुलं वेचून सावलीत वाळवून ठेवाचे, उन्हात वाळवले त रंग उतरते. कांद्याचे टरफलं दोन ओंजळी लिटरभर पान्यात अर्धा घंटा उकळले की तांबडा-तपकिरी. हळद दोन मोठे चमचे, पिवळा. बीटाचा गुलाबी काही घंट्यात मळकट होते, त्याच्या भरोशावर राहू नका. सगळ्या रंगात लिटरमागं दोन मोठे चमचे व्हिनेगर, नसलं त दोन लिंबाचा रस, म्हंजे रंग धरते. कपड्याची नीळ खान्याच्या अंड्याले लावू नका.

नक्षी पाह्यजे असली त कोथिंबिरीचं पान अंड्यावर ठेवून मलमलच्या फडक्यात घट्ट बांधा, मंग रंगात सोडा. वीस मिनिटांनी काढा, वाळल्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवा.

आता महत्त्वाचं. उकडलं अंडं उन्हाळ्यात बाहेर एका घंट्याच्या वर ठेवू नये. शनिवारी उकडून रविवारी लेकराईले द्यायचे असतीन त फ्रिज पाह्यजेच. नसला त सकाळी सहाले उकडा, सातच्या आत खाऊन मोकळे व्हा. लपवाछपवीच्या खेळाले खाली टरफलं वापरा : दोन्हीकडून सुईनं भोक पाडून फुंकून आतलं काढा, पान्यानं धुवा, आत शेंगदाने-फुटाने नाही भरता येत पण चिठ्ठी जाते. सापडली चिठ्ठी, मंग घ्या लाडू. उन्हात लपवलं एखादं खरं अंडं राहून गेलं त चार दिवसांनी साऱ्या गावाले समजते कुठं होतं.

तर्री

न्याहारी. समुद्राकाठी पहाटे निखाऱ्यावर मासे आणि भाकर तयार ठेवून ‘या, जेवा’ म्हणणारा उठलेला प्रभू योहानाच्या एकविसाव्या अध्यायात आहे, तेव्हा उपासनेनंतरची न्याहारी सणाचा भाग समजा. आपल्याकडे ती तर्री-पोहेच.

शंभर माणसांना : जाड पोहे सात किलो, कांदा तीन किलो, तेल सव्वा लिटर, शेंगदाणे अर्धा किलो, लिंबं चाळीस. तर्रीला हरभरा तीन किलो (भिजून दुप्पट होतो), कांदा दोन किलो, सुकं खोबरं पाव किलो, आलं-लसूण पाव-पाव किलो, तिखट पाव किलो, तेल एक लिटर. मीठ नि मसाला आपल्या हाताने. हरभरा शनिवारी सकाळी भिजवा, दुपारी एकदा पाणी बदला. उन्हात ठेवलेल्या भांड्यात फेस येऊन आंबूस वास येतो, मग कितीही मसाला घाला, जात नाही. तर्री रात्री दहाला करून ठेवायची असेल तर खोबरं-कांदा पाणी पूर्ण आटेपर्यंत भाजा. अर्धकच्च्या वाटणाची तर्री रात्रीत बिघडते. झाकण पूर्ण लावू नका, जाळीचं ठेवा. सकाळी साडेपाचला खळखळून उकळी.

पोहे धुवायचे ते उपासना संपायच्या पंधरा मिनिटं आधी. सगळे सात किलो एकदम नको, अडीच-अडीच किलोचा घाणा. कोरड्या वाऱ्यात पोहे दहा मिनिटांत ताठ होतात, वरून ओलं फडकं. चहाला पाच लिटर दूध, पाच लिटर पाणी, सव्वा किलो साखर, पाव किलो पत्ती. दूध पहाटे आल्या आल्या तापवा, चहाच्या वेळेपर्यंत कच्चं ठेवलं की फाटलंच.

दुपारच्या मटणाबद्दल एवढंच : चाळीस दिवस ज्यांनी पाळलं त्यांच्या पोटाला एकदम झणझणीत सावजी झेपत नाही. वरण, भात, वांग्याची भाजीही असू द्या.

बाजेपाशी

वरच्या सगळ्या तयारीतून एक घर सुटतं, दुःखाचं. मृत्यूनंतरचा पहिला सण असलेलं. ईस्टरची आशा सगळ्यात आधी तिथे पोचायला हवी, आणि तिथेच आपण सर्वांत जास्त चुकीचं बोलतो.

झावळ्यांच्या रविवारपर्यंत यादी करा : वर्षभरात मृत्यू झालेली घरं, अंथरुणाला खिळलेले, मुलं पुण्या-मुंबईला गेल्याने एकटे राहणारे. प्रत्येक घराला दोघं-तिघं, त्यात एक बाई असलीच पाहिजे. वेळ न्याहारीनंतर, आठ ते दहा. नातेवाईकांची गर्दी त्यानंतर होते आणि उन्हाचा तडाखाही. वीस मिनिटं बसा. डबा न्या, त्यात गोडधोड नको. पहिल्या सणाला त्या घरात गोड करत नाहीत, शेजारपाजार नाव ठेवतो तो त्यांनाच.

गेलेल्या माणसाचं नाव घ्या. हे जमत नाही लोकांना. नाव टाळून ‘ते’, ‘तो प्रसंग’ असं बोलतात. त्याला कोणतं गीत आवडायचं ते घरच्यांना विचारा, ते म्हणा. वाचन करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायाचं नको, तो मोठा युक्तिवाद आहे, शोकात कान धरत नाही. योहान वीस, अकरा ते अठरा. त्यात मग्दालिया मरिया कबरेपाशी रडते आहे, तिला कोणी गप्प बसवत नाही. ‘का रडतेस’ विचारतात आणि मग तिच्या नावाने हाक येते. ईस्टरचा आनंद त्या रडण्याच्या आतूनच सुरू झाला आहे. मार्काकडे तर बाया घाबरून पळतात. म्हणून ‘आज रडायचं नसतं’, ‘देवाची इच्छा’, ‘तो चांगल्या ठिकाणी गेला’ ही तीन वाक्यं घरातून निघतानाच मागे ठेवा.

शेतकऱ्याने जीव दिलेलं घर असेल तर कसं घडलं विचारू नका, कर्जाचा आकडा मुलांसमोर काढू नका. कामाचं बोला : सातबारावर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं. झालंय का? मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक, विम्याचा कागद एका पिशवीत आहेत का? मंडळीतला एक लिहिता-वाचता माणूस त्या घराला नेमून द्या. घरात कोणाचं जेवण-झोप उडाली असेल, जगण्यावरून मन उठल्याची भाषा असेल, तर त्या माणसाला एकटं सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा, मोबाइलमध्ये ‘सेव्ह’ करून उपयोग होत नाही.

ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत) पन्नास दिवस ईस्टरचाच काळ चालतो. त्यात सात आठवडे येतात. सात भेटींची नावं आणि वार त्याच दिवशी लिहून ठेवा. पहिल्या भेटीला सगळे जातात, तिसऱ्या आठवड्यापासून कोणी फिरकत नाही, तेव्हा नावं लिहिताना तिसऱ्यापासून लिहायला लागा.

वर्धाकाठ (धागाकर्ता)

बाजेपाशी, फार उपयोगी. एक विचारायचं राहिलं होतं. ईस्टरला बाप्तिस्मा असतो, बुडवून देणाऱ्या मंडळ्यांनी नदी आटलेली असताना काय करावं?

पूर्णाकाठ

टाकं. सहा फूट लांब, तीन रुंद, अडीच फूट पाणी म्हणजे सुमारे पावणेतेराशे लिटर. उमेदवाराने गुडघे टेकून मागे कलायचं, मग अडीच फूट पुरतं. उभ्याने द्यायचं तर साडेतीन फूट लागतं आणि पाण्याचा खर्च चाळीस टक्क्यांनी वाढतो. पाणी शनिवारी संध्याकाळी भरा. छतावरच्या काळ्या टाकीतून दुपारी भरलं तर अंग पोळेल इतकं गरम असतं. तळाला गोणपाट अंथरा, शेवाळ-सिमेंटवरून पाय सरकतो. मोटारीचा पंप आणि वायर टाक्यापासून आधी दूर करा, बटण बंद असलं तरी. नंतर ते पाणी बादल्यांनी कब्रस्तानातल्या झाडांना. टंचाईच्या गावात बाकीचे लोक बघत असतात की ख्रिस्ती लोकांनी एवढ्या पाण्याचं केलं काय.

गाविलगड

मेळघाटाच्या बाजूने एक भर. पुनरुत्थानाच्याच दिवशी दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊस गावाला चालत निघाले, लूक सांगतो ते अंतर साठ स्टेडिया, म्हणजे साधारण अकरा किलोमीटर. लहान मंडळ्यांना हे चालणं फार मानवतं. पूर्ण अकरा नको, तीन-चार किलोमीटरवरचं शेजारचं गाव निवडा, जिथे एक-दोनच ख्रिस्ती घरं आहेत आणि पहाटे कोणी पोचलेलं नाही.

साडेपाचला निघायचं, सूर्य मावळतो साडेसहाच्या आसपास. जोडी-जोडीने, जोड्या घरच्या नकोत : सासू-सून वेगवेगळ्या जोडीत, तरुणासोबत म्हातारा. वाटेत गाणं नाही, वर्षभरात काय कठीण गेलं ते एकमेकांना सांगायचं, शेवटच्या किलोमीटरला लूक चोवीस वाचायचा. माणशी एक लिटर पाणी, मीठ-साखर-लिंबाची एक बाटली जोडीमागे. पायात बूट किंवा मागे पट्टा असलेली चप्पल, स्लिपर घाटातल्या मुरुमावर सरकते. यजमान घराला आधी कळवून ठेवा पण स्वयंपाक त्यांच्यावर टाकू नका. भाकरी आणि ठेचा आपणच न्यायचा, त्यांनी चुलीवर फक्त चहा ठेवावा. भाकर त्या घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाच्या हातून मोडून घ्या.

परतीला जीप आधीच सांगून ठेवा. पोचल्यावर शोधायला लागलात तर सणाच्या रात्री ड्रायव्हर सापडत नाही, आणि अंधारात रस्त्यावर रानडुकरं असतात.